आठ पिसांचा गरुड, सात पिसांचा गरुड: १८७८चा मॉर्गन डॉलर

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. विचारणाऱ्या ताईंचे सासरे बोटीवर नोकरीला होते. त्यांनी आणलेले तीन अमेरिकन चांदीचे डॉलर घरात आहेत, दोन १८७८चे आणि एक १९२१चा. तिन्हींवर तोच बाईचा चेहरा, मागे तोच पंख पसरलेला गरुड. पण १८७८च्या एका नाण्यावर गरुडाच्या शेपटीत आठ पिसं आहेत, दुसऱ्यावर सात. १९२१चं नाणं तर झिजलेलं नसूनही चपटं दिसतं, चित्रावरून कुणी इस्त्री फिरवल्यासारखं. सराफाने पाहून सांगितलं, "एका सालचं नाणं दोन तऱ्हेचं कसं असेल? यातलं एक तरी नकली." तर एकाच वर्षी दोन डिझाइनं निघू शकतात का, आणि नकली कोणतं?

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: निघू शकतात. १८७८ मध्ये तर दोन नव्हे, मोजायला बसलात तर मागच्या बाजूच्या चार तऱ्हा निघतील. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी इथे बसून देणार नाही, कारण तुम्ही वजन दिलेलं नाही आणि फोटोत नाण्याची कड दिसत नाही. तिन्ही खरी असू शकतात, तिन्ही खोटीही असू शकतात. शिवाय चांदी खरी आणि नाणं खोटं, असाही प्रकार असतो. सराफ कसोटीवर घासून कस सांगेल, नाणं टांकसाळीत पडलंय की कुणाच्या कारखान्यात, हे कस सांगत नाही. तुमच्या सराफाची चूक एवढीच की 'वेगळं दिसतं म्हणजे नकली' हा आडाखा त्याने इथे लावला. या नाण्याच्या बाबतीत तो नेमका उलटा पडतो. मॉर्गन डॉलरचं डिझाइन बदलत गेलं, आणि कोणता बदल कुठे, कधी झाला हे माहीत असलं की तोच बदल नाण्याचा जन्मदाखला ठरतो. नकली माल पकडायलाही मला सगळ्यात जास्त उपयोग याच माहितीचा होतो.

मुळात हे नाणं घाईत जन्मलं. अमेरिकेने १८७३च्या कायद्याने चांदीचा नेहमीचा डॉलर पाडणं बंद केलं होतं. त्याच सुमाराला नेवाडातल्या खाणींतून चांदी प्रचंड निघत होती आणि भाव पडत होता. खाणवाले आणि कर्जात बुडालेले शेतकरी दोघांनाही चांदीचा पैसा परत हवा होता, खाणवाल्यांना माल खपावा म्हणून आणि शेतकऱ्यांना बाजारात पैसा खेळावा म्हणून. शेवटी २८ फेब्रुवारी १८७८ला ब्लँड-अ‍ॅलिसन कायदा झाला. राष्ट्राध्यक्ष हेज यांनी त्यावर नकाराधिकार वापरला, काँग्रेसने त्याच दिवशी तो मोडून काढला. कायद्याप्रमाणे सरकारने दर महिन्याला किमान वीस लाख आणि कमाल चाळीस लाख डॉलरची चांदी विकत घ्यायची आणि तिचे डॉलर पाडायचे. म्हणजे टांकसाळीला विचार करायला वेळच नव्हता. जे डिझाइन हाताशी तयार होतं तेच उचलावं लागलं.

ते हाताशी होतं याचं श्रेय टांकसाळीचे संचालक हेन्री लिंडरमन यांना. अमेरिकन नाण्यांची कलाकुसर त्यांना पसंत नव्हती. १८७६ मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल मिंटला पत्र घालून एक चांगला कोरक मागवला. आला तो जॉर्ज मॉर्गन, वय तिशीच्या आसपास, इंग्लंडमधल्या बिल्स्टनचा. बर्मिंगहॅमच्या कलाशाळेत शिकलेला आणि लंडनमध्ये वायन घराण्याच्या हाताखाली तयार झालेला. वायन हे नाव आपल्याकडच्या संग्राहकांना परकं नाही. १८४०च्या व्हिक्टोरिया रुपयावर राणीच्या मानेच्या कडेला डब्ल्यू.डब्ल्यू. अशी बारीक अक्षरं सापडतात, ती याच घराण्यातल्या विल्यम वायनची.

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत मुख्य कोरक होता विल्यम बार्बर आणि त्याचा मुलगा चार्ल्स त्याच्या मदतीला. बाहेरून आणलेला हा माणूस बापलेकांना रुचला असेल, असं मानायला काही जागा नाही. मॉर्गन मात्र शांतपणे कामाला लागला. त्याने पेनसिल्व्हेनियाच्या ललित कला अकादमीत नाव घातलं. नाण्यावरची स्वातंत्र्यदेवी नेहमीसारखी ग्रीक पुतळ्यावरून न उचलता खऱ्या अमेरिकन बाईवरून घ्यायची, असं त्याने ठरवलं. चित्रकार थॉमस ईकिन्सच्या ओळखीतून त्याला अ‍ॅना विलेस विल्यम्स भेटली, फिलाडेल्फियातली शिक्षिका. तिच्या चेहऱ्याची बाजूने दिसणारी ठेवण त्याला हवी तशीच निघाली. बाईंना या प्रसिद्धीचा पुढे जाच झाला. शाळेतलं काम हीच आपली ओळख राहावी अशी त्यांची इच्छा होती, आणि लोक मात्र 'डॉलरवरची बाई' म्हणून पाहायला यायचे.

हा चेहरा मॉर्गनने आधी १८७७ मध्ये अर्ध्या डॉलरच्या नमुन्यासाठी केला होता. कायदा झाल्यावर तोच मोठा करून डॉलरवर आणला. तुमचं सात पिसांचं नाणं पुढच्या बाजूने भिंगाखाली धरा. टोपीच्या कडेने केसांत खोवलेली गव्हाची ओंबी आणि कापसाची बोंडं दिसतील. त्यांच्याखाली कपाळावरच्या पट्टीवर 'लिबर्टी' ही अक्षरं. डावीकडे सात तारे, उजवीकडे सहा. मान जिथे कापलेली दाखवली आहे तिथे अगदी काठाला एक बारीक 'एम' आहे. आता नाणं उलटा, गरुडाखालच्या पर्णहाराला जी रिबिनीची गाठ आहे तिच्या डाव्या वळशात पुन्हा एक 'एम'. दोन्ही बाजूंना कोरकाचं आद्याक्षर असलेलं हे अमेरिकेचं पहिलं चलनी नाणं. पुढे बार्बर पितापुत्रांशी त्याला चाळीस वर्षं काढायची होती हे लक्षात घेतलं, तर मला ही दोन अक्षरं फार सूचक वाटतात.

आता गरुड. इथे जरा सावकाश जाते, कारण तुमचा सगळा घोळ इथलाच आहे.

नाणं पाडायची पद्धत अशी. कोरक मोठ्या आकाराचं उठावाचं प्रतिरूप करतो. यंत्रावर ते लहान करून पोलादात उतरवतात. या उठावाच्या पोलादी ठशाला हब म्हणतात. हब दाबून त्यावरून डाय उठवतात, त्यात चित्र खोलगट आणि उलटं असतं. डायने चांदीच्या चकतीवर ठोका मारला की नाणं पडतं. डाय झिजतात, तडकतात, म्हणून त्या सतत नव्या लागतात. हब मात्र एकच असतो, आणि म्हणून एका हबमधून निघालेल्या सगळ्या डायवर पिसंही तेवढीच. पिसांची संख्या बदललेली दिसली तर हब बदलला, एवढंच त्यावरून समजायचं.

पहिला चांगला डॉलर फिलाडेल्फियात ११ मार्च १८७८ला दुपारी पडला. तो पाठवला गेला राष्ट्राध्यक्ष हेज यांच्याकडे, म्हणजे ज्या गृहस्थांनी दोन आठवड्यांपूर्वी या नाण्याचा कायदा फेटाळला होता त्यांच्याकडेच. या पहिल्या हबमध्ये गरुडाला आठ पिसं होती. लगेच दोन तक्रारी पुढे आल्या. एक म्हणजे चित्राचा उठाव जास्त होता, त्यामुळे डाय लवकर बाद होऊ लागल्या. महिन्याला वीस लाखांचं ओझं डोक्यावर असताना हे परवडणारं नव्हतं. दुसरी तक्रार पिसांची. आधीच्या अमेरिकन नाण्यांवर गरुडाच्या शेपटीत पिसं विषम असत, तेव्हा इथेही सातच हवीत, असं लिंडरमन यांचं म्हणणं पडलं. पुस्तकांतून पिसांचीच गोष्ट जास्त रंगवून सांगतात. मला विचाराल तर खरी अडचण उठावाची होती. हब नव्याने करायचाच होता, त्यात पिसंही दुरुस्त करून घेतली.

तोपर्यंत आठ पिसांचे सुमारे साडेसात लाख डॉलर पडले होते. ते कुणी परत मागवले नाहीत, खोटे ठरवले नाहीत. तुमच्याकडचं आठ पिसांचं नाणं खरं असेल तर ते या पहिल्या काही आठवड्यांतलं.

मधल्या काळात आणखी एक गंमत झाली. डाय महाग, काम तातडीचं. म्हणून आठ पिसांच्या काही तयार डाय फेकून न देता त्यांच्यावरच सात पिसांचा नवा हब दाबला. नव्या पिसांनी जुनी पूर्ण झाकली नाहीत. सात पिसांच्या खालून जुन्या पिसांची टोकं डोकावत राहिली. या नाण्यांना संग्राहक 'सात-वर-आठ' म्हणतात. साध्या डोळ्याला ते शेपटीखालचं फराट्यासारखं काहीतरी दिसतं. माहिती नसलेला माणूस त्याला हमखास 'खराब छाप' म्हणतो, आणि प्रत्यक्षात संग्राहक ती शोधत असतात.

पिसं मोजताना गफलत होते ती टोकांपासून मोजायला गेल्यामुळे. कडेची पिसं अर्धवट झाकलेली असतात आणि झिजलेल्या नाण्यावर दोनाचं एक दिसतं. माझी पद्धत वेगळी आहे. शेपटीच्या बरोबर मध्यावर पाहा. मधोमध एक अखंड पीस खाली आलेलं असेल तर संख्या विषम, म्हणजे सात. मधोमध पिसाऐवजी दोन पिसांमधली फट असेल तर संख्या सम, म्हणजे आठ. मोजणी नंतर करा, आधी मध्य बघा.

आता तुमच्या सात पिसांच्या नाण्याकडे या, कारण सात पिसांतही दोन प्रकार आहेत. गरुडाच्या एका पंजात ऑलिव्हची फांदी आहे, दुसऱ्यात तीन बाण. बाण आपल्या उजव्या हाताच्या बाजूला येतात. बाणांच्या मागच्या टोकाला जी पिसं लावलेली असतात त्यांतलं सगळ्यात वरचं पीस पाहा. सात पिसांच्या पहिल्या हबमध्ये हे पीस बाणाच्या दांड्याला समांतर आहे आणि गरुडाची छाती सपाट, किंचित आत गेलेली. त्यानंतरच्या हबमध्ये तेच पीस तिरपं झालं आणि छाती गोल भरली. या शेवटच्या रूपाला संग्राहक '१८७९ची मागची बाजू' म्हणतात, पण ती १८७८ संपण्याआधीच फिलाडेल्फियात वापरात आली होती. आठ पिसं, सात-वर-आठ, सात सपाट छाती, सात गोल छाती, अशा त्या चार तऱ्हा. याहून बारीक फरकांची, अगदी एकेका डायची, वर्गवारी व्हॅन अ‍ॅलन आणि मॅलिस या दोघांनी करून ठेवली आहे आणि त्यांच्या आडनावांवरून त्या क्रमांकांना व्हॅम म्हणतात. तुम्हाला तिथपर्यंत जायची गरज नाही.

एवढे बदल करूनही लोकांनी गरुडाची टिंगल सोडली नाही. हडकुळा दिसतो म्हणून वर्तमानपत्रं आणि लोक त्याला गिधाड म्हणायचे.

आता खोट्या नाण्यांकडे वळते. बाजारात या डॉलरच्या नकला भरपूर आहेत, मुंबई-पुण्याच्या जुन्या बाजारांतही पथारीवर दिसतात. पथारीवर दिसणारी बहुतेक कमी कसाच्या धातूची, वर चांदीचं पाणी दिलेली असतात. काहींना तर चुंबक चिकटतं, तिथे प्रश्नच मिटतो. पण चांगल्या वजनाची, खऱ्या चांदीची नक्कलही असते, आणि तिथे डिझाइनचा इतिहास कामाला येतो. नकला करणारा एखादं नाणं समोर ठेवून साचा करतो आणि मग त्याच साच्यावर वेगवेगळी सालं आणि वेगवेगळ्या टांकसाळींची अक्षरं टाकून मोकळा होतो. त्यामुळे साल एकाचं, गरुड दुसऱ्याचा, अक्षर तिसऱ्याचं असा गोतावळा जमतो.

टांकसाळीचं अक्षर मागच्या बाजूला, पर्णहाराच्या गाठीखाली असतं. फिलाडेल्फियाचं काहीच अक्षर नाही. सॅन फ्रान्सिस्कोचं 'एस', न्यू ऑर्लिन्सचं 'ओ', कार्सन सिटीचं 'सीसी' आणि डेन्व्हरचं 'डी'. हे पाठ करायला सोपं आहे आणि पुढचं त्याहून सोपं. आठ पिसांचा गरुड फक्त फिलाडेल्फियात पडला. सॅन फ्रान्सिस्को आणि कार्सन सिटीला १८७८ मध्ये डाय पोचल्या त्या सात पिसांच्या, सपाट छातीच्या. न्यू ऑर्लिन्सने हे डॉलर १८७९ पासून पाडले, डेन्व्हरने फक्त १९२१ मध्ये. कार्सन सिटीने १८७८ ते १८८५ आणि पुन्हा १८८९ ते १८९३ एवढीच वर्षं पाडले. म्हणून १८८७चं 'सीसी' दिसलं की भिंग काढायचंसुद्धा कारण नाही. 'सीसी' हे महागडं अक्षर असल्याने नकली मालावर ते अगदी सढळ हाताने टाकलेलं असतं.

१९२१च्या नाण्याची गोष्ट सांगायला थोडं मागे जावं लागेल, आणि ती आपल्या मुंबईवरून जाते.

१८७८ ते १९०४ या काळात असे सुमारे सत्तावन्न कोटी डॉलर पडले. लोकांना ते खिशात बाळगायला जड वाटायचे, पूर्वेकडच्या शहरांत तर कुणी हात लावेना. सरकार डॉलर तिजोरीत ठेवायचं आणि त्यांच्या बदल्यात कागदी प्रमाणपत्रं चालवायचं. विकत घेतलेली चांदी संपल्यावर १९०४ मध्ये काम थांबलं. नाणी पोत्यांत पडून राहिली.

मग पहिलं महायुद्ध आलं. हिंदुस्थानातून ब्रिटनला माल आणि सैन्य जात होतं, त्याचा मोबदला इथे रुपयांत द्यायचा होता, आणि रुपया चांदीचा. चांदी अपुरी पडली म्हणून १९१७च्या अखेरीला सरकारने पंचम जॉर्जचं चित्र असलेली एक रुपयाची कागदी नोट काढली, पाठोपाठ जानेवारी १९१८ मध्ये अडीच रुपयांची. लोकांचा कागदावर विश्वास नव्हता. १९१८च्या वसंतात युद्धाच्या वाईट बातम्या आल्या तशी मुंबईसकट काही करन्सी ऑफिसांवर नोटा देऊन रुपये मागायला गर्दी होऊ लागली. ब्रिटनने अमेरिकेकडे हात पसरले. २३ एप्रिल १९१८ला तिथे पिटमन कायदा झाला आणि तिजोरीतले डॉलर वितळवायला परवानगी मिळाली. एकूण २७ कोटी २ लाखांहून जास्त डॉलर वितळले गेले. त्यांतल्या सुमारे २५ कोटी ९१ लाखांची चांदी ब्रिटनला विकली गेली, ती हिंदुस्थानसाठी. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत तिचे रुपये पडले.

हिशोब फार सुबक बसतो. मॉर्गन डॉलर ४१२.५ ग्रेनचा (ग्रेन हे वजनाचं जुनं इंग्रजी माप), नव्वद टक्के चांदीचा, म्हणजे शुद्ध चांदी ३७१.२५ ग्रेन. आपला रुपया १८० ग्रेनचा, बारात अकरा भाग चांदी, म्हणजे शुद्ध १६५ ग्रेन. एका डॉलरच्या चांदीत बरोबर सव्वादोन रुपये. तुमच्या सासरी जर १९१८चे रुपये निघाले तर ते जपून ठेवा. त्यांच्यावर मागच्या बाजूला कमळात बारीक ठिपका असेल तर तो मुंबईचा, नसेल तर कलकत्त्याचा. त्यांत जुना डॉलर मिसळला असण्याची शक्यता चांगलीच आहे.

वितळवताना कोणत्या सालची, कोणत्या टांकसाळीची नाणी गेली याची नोंद कुणी ठेवली नाही. म्हणून मॉर्गन डॉलरच्या बाबतीत किती पडले हा आकडा एकटा फारसा कामाचा नाही, किती उरले ते महत्त्वाचं. १९०३चा न्यू ऑर्लिन्सचा डॉलर हे याचं नेहमीचं उदाहरण. पडले चव्वेचाळीस लाखांहून जास्त, पण सगळे वितळले असा समज होता आणि तो दुर्मिळ गणला जायचा. १९६२च्या अखेरीला सरकारी तिजोरीतून त्याची पोतीच्या पोती बाहेर आली आणि भाव कोसळला.

पिटमन कायद्यात अट होती की वितळवलेले डॉलर पुन्हा पाडायचे, अमेरिकन खाणींची चांदी औंसाला एक डॉलर दराने घेऊन. १९२१ मध्ये हे काम सुरू झालं तेव्हा नवीन डिझाइन तयार नव्हतं, म्हणून जुनंच घेतलं. पण जुने हब शिल्लक नव्हते. ते पुन्हा करायला बसला खुद्द जॉर्ज मॉर्गन. विल्यम बार्बर १८७९ मध्ये वारल्यावर मुख्य कोरकाची जागा मॉर्गनला नाही, चार्ल्स बार्बरला मिळाली होती. चार्ल्स १९१७ मध्ये गेला तेव्हा कुठे सत्तरी ओलांडलेल्या मॉर्गनला ती खुर्ची मिळाली. वयाच्या पंचाहत्तरीत त्याने स्वतःच्याच तरुणपणीच्या कामाचा नवा हब केला, आणि तो मुद्दाम कमी उठावाचा, कारण त्या एका वर्षात तीन टांकसाळींनी मिळून साडेआठ कोटींच्या वर डॉलर पाडायचे होते. तुमचा १९२१चा डॉलर चपटा दिसतो तो यामुळे. केसांच्या बटा एकमेकींत मिसळलेल्या, गरुडाच्या छातीवरची पिसं जवळजवळ नाहीतच, हे सगळं नवंकोरं असतानाही तसंच. उलट १९२१च्या नाण्यावर जुन्यासारखा भरीव उठाव दिसला तर मला संशय येईल.

त्याच वर्षी डिसेंबरच्या शेवटी याची जागा शांतता डॉलरने घेतली, अँथनी डी फ्रान्सिस्कीने केलेला. त्याच्या मूळ आराखड्यात गरुडाजवळ मोडलेली तलवार होती. मोडलेली तलवार म्हणजे पराभव, अशी वर्तमानपत्रातून ओरड झाल्यावर ती हबवरूनच खरवडून काढली. खरवडणारा हात पुन्हा मॉर्गनचाच. तो डॉलर तुमच्याकडे नाही, म्हणून इथेच थांबते, पण कुणी तुम्हाला '१९२१चे डॉलर दोन तऱ्हेचे असतात' असं सांगितलं तर तेही खरं आहे.

थोडक्यात, तुमच्या तिन्ही नाण्यांमधला फरक तीन वेगळ्या हबमुळे पडलेला असू शकतो आणि त्या फरकावरून कोणतंही नाणं खोटं ठरत नाही.

आता घरी करायच्या गोष्टी. वजन सोनाराच्या काट्यावर करा, दोन दशांश स्थळांपर्यंत. न झिजलेला डॉलर २६.७३ ग्रॅम भरतो, व्यास ३८.१ मिलिमीटर. व्यवहारात फिरलेलं नाणं थोडं हलकं भरेल. किती हलकं चालेल हे झिजेवर ठरतं, पण नाणं नवंकोरं दिसत असून पंचवीस ग्रॅमच्या आत असेल तर ते गेलं. कड पाहा. तिच्यावर उभ्या रेघा सलग आणि सारख्या असायला हव्यात, मध्ये कुठे सांधा दिसला तर नाणं ओतलेलं आहे, पाडलेलं नाही. मग चेहरा सरळ धरून नाणं वरून खाली पालथं घाला, गरुड सरळ आला पाहिजे. पुस्तकाच्या पानासारखं बाजूने उलटून गरुड सरळ दिसत असेल तर मला कळवा, बऱ्याच नकला तिथे फसतात. वरच्या कडेला डाग दिल्याची, म्हणजे धातू वितळवून जोड दिल्याची, खूण आहे का तेही बघा. आपल्याकडे माळेत ओवायला किंवा बिल्ल्यासारखं लावायला नाण्याला कडी जोडायची रीत होती. कडी काढली तरी डाग राहतो, आणि त्याने संग्राहकाकडची किंमत बरीच उतरते. नाणं खोटं मात्र होत नाही.

आणि कृपा करून घासू नका. रिठा नको, रांगोळी नको, टूथपेस्ट तर नकोच. काळसर पडलेला डॉलर जसा आहे तसा मला जास्त सांगतो.

किमतीचं विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच असतो. १९२१चा डॉलर इतका मुबलक आहे की साधारण स्थितीत त्यातल्या चांदीच्या भावापेक्षा फार वर जात नाही. १८७८च्या दोन्हींचं मात्र स्थितीवर, अक्षरावर आणि आधी कुणी घासलंय का यावर अवलंबून आहे. न पाहता आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

वजनं, कडेचे फोटो आणि दोन्ही १८७८च्या नाण्यांचे गाठीखालच्या भागाचे जवळून काढलेले फोटो पाठवा. सात पिसांच्या नाण्यावर बाणाचं वरचं पीसही फोटोत येऊ द्या. आठ पिसांच्या नाण्यावर गाठीखाली कोणतंही अक्षर नसेल तर पुढे बघू. तिथे 'एस' किंवा 'सीसी' असेल तर फोटो काढायची तसदी घेऊ नका, त्या एका नाण्यापुरतं सराफाचं म्हणणं बरोबर निघालं.